रोजच्या छोट्या बैठकीबाबत आठवण

सर्व सदस्यांना नमस्कार,

रोजची बैठक 15 मिनिटांतच संपवायची आहे, कृपया वेळेवर या. स्क्रम या, छोट्या टप्प्यांत गटाने काम करण्याच्या पद्धतीतही हीच मर्यादा आहे. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे ठरावीक तीन प्रश्न 2020 च्या स्क्रम मार्गदर्शिकेतून वगळले गेले. माझ्या मते ते योग्यच झालं, नाहीतर बैठकीची नुसती हजेरी होऊन बसते. ही बैठक वरिष्ठांना हिशेब देण्यासाठी नाही, एकमेकांसाठी आहे. कुणाचं काम कुठे अडलंय हे त्याच दिवशी कळलं, तर पुढचे कितीतरी दिवस वाचतात. म्हणून अडचण आधी सांगा, अगदी किरकोळ वाटली तरी. तिच्यावरची सविस्तर चर्चा मात्र नंतर, संबंधितांनीच करावी. येणं जमणार नसेल तर दोन ओळी ग्रुपवर टाकून ठेवा.