सूचना : नवविवाहित जोडप्यांनी विवाहनोंदणी उरकून घ्यावी

सभासदहो, यंदा आपल्या सोसायटीत बऱ्याच घरी लग्नं झाली. मंगळागौर, पहिला दिवाळसण, कुणाची बदली, कुणाकडे पाळणा हलणार. या धावपळीत विवाहनोंदणी मागे पडते. कृपया तसं होऊ देऊ नका. महाराष्ट्राच्या 1998च्या कायद्यानुसार लग्नानंतर 90 दिवसांत नोंदणी करायची असते. मुदत उलटली तरी नोंदणी होते, फक्त जादा शुल्क पडतं. नमुना ‘ड’चा अर्ज, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे व पत्त्याचे दाखले आणि तीन साक्षीदार तयार ठेवा. पत्ता बदलला असल्यास मतदारयादीसाठी फॉर्म 8 भरा. लग्नानंतर मुलीने नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. घरच्यांनी आग्रह धरू नये, ही मनापासून विनंती. अर्ज भरायला मदत हवी असेल तर रविवारी सकाळी 10 वाजता सोसायटीच्या ऑफिसात या.

– सचिव