ठराव झाला, पदे तेवढीच राहिली

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फेब्रुवारीतला पहिला पूर्ण आठवडा इकडे अमेरिकेत 'राष्ट्रीय शालेय समुपदेशन सप्ताह' म्हणून पाळला जातो आणि सिनेट, म्हणजे इथल्या संसदेचे वरचे सभागृह, त्यानिमित्त माझ्यासारख्या शालेय समुपदेशकांचा गौरव करणारा ठराव करते, हे ऐकल्यावर आईने प्रमाणपत्र मिळणार का असे विचारले आणि बाबांनी वेतनात काही फरक पडणार का असे. दोन्हींचे उत्तर 'नाही' असेच आहे. मात्र त्यामागचा प्रकार फोनवर सांगून संपणारा नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा, तुमची सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली; अभिनंदनाचा ठराव आणि शासन निर्णय यांतला फरक तुम्हाला मी काय सांगावा? हा ठराव केवळ सिनेटचा असतो. तो दुसऱ्या सभागृहाकडे किंवा राष्ट्राध्यक्षांच्या सहीसाठी जात नाही, त्याला कायद्याचे बळ नसते आणि बहुधा चर्चेविनाच तो एकमताने संमत होतो. डेमोक्रॅटिक पक्षाच्या पॅटी मरे आणि रिपब्लिकन पक्षाच्या सुझन कॉलिन्स यांनी तो अनेक वर्षे मिळून मांडला आहे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष इथे एकत्र येतात, याचे एक कारण त्याला पैसा लागत नाही हे असावे, असे माझे मत आहे.

त्याचा मसुदा तुम्हाला ओळखीचा वाटेल, कारण तो आपल्याकडच्या 'ज्याअर्थी – त्याअर्थी'च्या घाटाचाच असतो. ज्याअर्थी समुपदेशक मुलांना अभ्यासात, करिअरच्या निवडीत आणि मानसिक अडचणींत आधार देतात. ज्याअर्थी एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत अशी अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशनची शिफारस आहे आणि प्रत्यक्षात ही संख्या त्याहून फार मोठी आहे. त्याअर्थी जनतेने हा सप्ताह योग्य त्या समारंभांनी साजरा करावा. म्हणजे उणीव ठरावातच नोंदलेली असते, आणि निष्कर्ष मात्र समारंभाचा निघतो! मी तो पहिल्यांदा पूर्ण वाचला तेव्हा मधले एखादे पान गळाले आहे की काय, असे मला वाटले.

२०२२–२३ या शालेय वर्षात देशाची सरासरी एका समुपदेशकामागे ३८५ विद्यार्थी अशी होती, आणि आमच्या शाळेत भार त्याहूनही जास्त आहे. वेळापत्रकातले बदल, महाविद्यालयांच्या अर्जांसाठीची शिफारसपत्रे, परीक्षांची व्यवस्था आणि गैरहजेरीचा पाठपुरावा यांतून जो वेळ उरेल त्यात मुलांशी बोलायचे असते. जे मूल स्वतः रडत दाराशी येते त्याला वेळ मिळतोच. जे गप्प राहते, ते यादीत खाली सरकत जाते.

शाळांतल्या परिचारिकांच्या वाट्यालाही असाच एक दिवस आहे. १९७२ पासून मे महिन्यातल्या परिचारिका सप्ताहातला बुधवार 'शालेय परिचारिका दिन' असतो. पण त्यांच्या पेशाची सुरुवात गौरवाने झालेली नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. न्यू यॉर्कमध्ये डॉक्टर शाळाशाळांतून तपासणी करून खुपऱ्या, नायटा, उवा अशा कारणांनी मुलांना घरी पाठवत. उपचार कोणीच करत नसे, त्यामुळे मुले गल्ल्यांतून हिंडत राहत. गरीब वस्तीत घरोघरी परिचारिका पाठवणारी संस्था चालवणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स या आपल्या परिचारिकेला महिनाभराच्या प्रयोगासाठी चार शाळांत पाठवले. रॉजर्स यांनी शाळेतच मलमपट्टी केली आणि घरोघरी जाऊन आयांना काळजी कशी घ्यायची ते दाखवले. प्रयोगाच्या आधीच्या सप्टेंबरात सुमारे साडेदहा हजार मुलांना शाळेबाहेर ठेवले गेले होते. पुढच्या सप्टेंबरात ही संख्या अकराशेच्या घरात आली. प्रयोगाचा गुण दिसताच शहराच्या आरोग्य मंडळाने परिचारिकांसाठी पैसे मंजूर करून पदे भरली. बाबा, मान्यता म्हणावी ती याला.

बसचालक, स्वयंपाकघरातले कर्मचारी, कार्यालयीन लिपिक आणि सफाई कर्मचारी यांच्यासाठी २०१९ च्या कायद्याने एक राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. राज्ये नावे सुचवतात आणि देशभरातून एकाची निवड होते. एवढ्या मोठ्या देशात एक!

आमच्या उपयोगी पडले ते वेगळेच. २०१५ च्या शिक्षण कायद्याने समुपदेशक, शालेय समाजकार्यकर्ते, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि ग्रंथपाल यांची 'विशेष शैक्षणिक साहाय्य कर्मचारी' अशा एका व्याख्येत नोंद केली. त्या नोंदीचा सोहळा झाला नाही, पण शाळेने निधीचा आराखडा करताना आम्हाला त्यात धरण्यासाठी बोट ठेवायला एक कलम मिळाले. पुढे २०२२ च्या कायद्याने शाळांतील मानसिक आरोग्यसेवेसाठी १ अब्ज डॉलर ठेवले. एप्रिल २०२५ मध्ये शिक्षण खात्याने त्यातली बहुतेक अनुदाने पुढे चालू न ठेवण्याचे ठरवले आणि १६ राज्यांनी त्याविरुद्ध न्यायालय गाठले. ठराव करणारे सभागृह वेगळे आणि अनुदान थांबवणारे खाते वेगळे, हे मला मान्य आहे. पण शाळेत बसलेल्या माणसाला दोन्ही सरकारच दिसते.

एवढे असूनही मी त्या ठरावाची टिंगल करत नाही. आमच्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या शिक्षण मंडळाच्या अंदाजपत्रकी सभेत आम्ही त्यातले '२५० विद्यार्थी' हे वाक्य निवेदनाला जोडले. आमचा शब्द तिथे गरजवंताचा ठरतो, सिनेटचा तसा ठरत नाही. आमचा पगार आणि कामाच्या अटी याच मंडळाशी होणाऱ्या करारात ठरतात, आणि एका समुपदेशकाकडे जास्तीत जास्त किती विद्यार्थी द्यावेत याची मर्यादा नव्या करारात लिहून घ्यावी, अशी आमच्या संघटनेची मागणी आहे. मंडळाला आकड्याऐवजी 'शक्यतोवर' हा शब्द हवा आहे, आम्हाला आकडा हवा आहे. बोलणी अजून तिथेच अडली आहेत.

तब्येतीला जपा.

तुमची,
लेक