हायब्रीड की इलेक्ट्रिक ते नंतर, आधी पार्किंगमध्ये प्लग आहे का ते सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

गेले पंधरा दिवस तुमच्या पत्रांच्या पानावर इलेक्ट्रिकवाले आणि हायब्रीडवाले (म्हणजे पेट्रोल इंजिनाला छोट्या बॅटरीची जोड असलेल्या गाडीवाले) यांची जी जुंपलीय ती मी रोज सकाळी पोदेराच्या पावाबरोबर वाचतोय. एक गृहस्थ लिहितात हायब्रीड म्हणजे पेट्रोलच्याच गाडीला लावलेला हिरवा रंग, दुसरे म्हणतात इलेक्ट्रिक म्हणजे श्रीमंतांचं खेळणं, पहिल्या पावसात बंद पडेल आणि बॅटरी गेली की गाडी भंगारात. वाचून मला दाट संशय येतो की दोघांनीही दुसऱ्याची गाडी कधी चालवून बघितलेली नाही. मी दोन्ही चालवल्यात. माझ्याकडे अडीच वर्षं इलेक्ट्रिक आहे, मडगावच्या मेव्हण्याकडे हायब्रीड, आणि चवथीला, लग्नकार्याला, कोल्हापूरला अंबाबाईला जायचं झालं की आमच्या चाव्यांची अदलाबदल ठरलेली. म्हणून म्हटलं आपणही लिहावं, लांबलं तर कापा.

आधी माझं सांगतो. कवळ्याला स्वतःचं घर, पुढे पोर्च, स्वतःचा मीटर. नोकरी पणजीत. जाऊन येऊन साठ किलोमीटर, म्हणजे महिन्याचे साधारण दीड हजार. माझी गाडी एका युनिटला सात किलोमीटर देते, चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरून महिन्याला दोनशे चाळीस युनिट, सहा रुपयांनी लावलं तरी दीड हजाराच्या आतबाहेर. मेव्हण्याची हायब्रीड तेवढ्याच अंतराला अडुसष्ट-सत्तर लिटर पेट्रोल पिते, सत्त्याण्णवच्या भावाने साडेसहा हजार. आणि माझी आधीची पेट्रोल गाडी, जी लिटरला चौदाच्या वर कधी गेलीच नाही, तिला दहा हजार लागायचे. २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला तेव्हा लिटरमागे अकरा रुपये वाचले म्हणून आम्ही पंपावर हसत उभे होतो, ते दिवस आठवले की आता रडू येतं.

हे हिशेब वाचून लगेच शोरूमला पळू नका, कारण पुढची गोष्ट कोणी सेल्समन सांगत नाही. गाडी घरी आली, आम्ही नारळ फोडला, आरती ओवाळली, रात्री मोठ्या ऐटीत पंधरा अँपिअरच्या सॉकेटला चार्जर लावला तर त्यावर लाल दिवा. काढला, परत लावला, परत लाल. गाडी खराब आली असं समजून मी रात्री अकराला फोन करत बसलो. दुसऱ्या दिवशी गावातला इलेक्ट्रिशियन आला, मल्टीमीटर लावला आणि म्हणाला, गाडी बरी आहे, तुमचं अर्थिंग कुठे आहे? वडिलांच्या वेळचं घर, अर्थिंगच्या नावाखाली एक तार भिंतीतून निघून चिऱ्यांच्या फटीत गेलेली, पुढे काय तिचं झालं देव जाणे. फ्रिज, मिक्सर, टीव्ही कुणी तक्रार केली नव्हती, ही गाडी मात्र अर्थिंग नीट नसेल तर एक थेंब वीज घेत नाही. मग परसात खड्डा खणायला घेतला, दीड फुटावर जांभा लागला, पहार वाजायला लागली. दोन माणसं दिवसभर खपली, जीआयचा पाइप उभा केला, त्याच्याभोवती कोळसा आणि खडं मीठ एकावर एक थर, वर पाणी. संध्याकाळी हिरवा दिवा लागला तेव्हा आई म्हणाली, गाडीला पण मीठ-कोळशाची दृष्ट काढावी लागते म्हणायची! अजूनही एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की दिवा कधीकधी लाल होतो, मग मी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो आणि काम होतं. शेजारी बघतात, त्यांना वाटतं मी पाइपाला पाणी घालून झाड उगवायची वाट बघतोय.

दुसरा प्रसंग गेल्या जूनमधला. मुलीचं पहाटेचं विमान, मोपाहून. आदल्या संध्याकाळी वारापाऊस, कुठे तरी लाईनवर झाड पडलं, वीज गेली ती गेली. गाडीत अठरा टक्के. माझी बॅटरी तीस युनिटची, म्हणजे अठरा टक्क्यांत चाळीस किलोमीटर सुद्धा नाही, आणि मोपा आमच्याकडून साठ. रात्री दोनपर्यंत पंख्याकडे बघत बसलो, शेवटी टॅक्सी केली. गोव्यातलं टॅक्सीचं भाडं तुम्हाला माहीत आहे, महिन्याभराची बचत त्या एका पहाटेत गेली. चूक माझीच, पावसाळ्यात चाळीसच्या खाली गाडी येऊ द्यायची नाही हे तेव्हा शिकलो. तौक्ते वादळाच्या वेळी मे २०२१ मध्ये काही गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, तसं परत झालं तर काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही, मेव्हण्याकडे आहे. त्याच्या टाकीत पंचेचाळीस लिटर असतात.

तरी सुद्धा सांगतो, आपल्यासारख्या छोट्या राज्यात इलेक्ट्रिक बसते. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत आख्खा गोवा उभा मापला तरी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरेल, आणि आपल्यातले किती जण रोज एवढं फिरतात? फोंडा-पणजी तीस, पणजी-मडगाव तेहतीस, डिचोली-म्हापसा त्याहून कमी. रात्री घरी प्लग लावला की विषय संपला. चोर्ला घाट चढताना बॅटरीचे दहा-पंधरा टक्के भसकन उतरतात, पहिल्यांदा घाम फुटतो, पण परत येताना उतारावर ब्रेक न लावता गाडी स्वतःच स्वतःला ओढून धरते आणि चार-पाच टक्के परत देते, ते आकडे उलटे चढताना बघायला लहान मुलासारखी मजा येते. कोल्हापूरला मात्र आम्ही मेव्हण्याचीच गाडी नेतो. एकदा माझी नेली होती. वाटेतल्या एका हॉटेलबाहेरच्या फास्ट चार्जरसमोर कुणी तरी पेट्रोलची गाडी लावून जेवायला बसलेलं, ती हलवली तर अ‍ॅप उघडेना, अ‍ॅप उघडलं तर ओटीपी येईना कारण रेंज नाही. बायको गाडीतून उतरली आणि म्हणाली, मी एसटीने जाते!

आता मेव्हण्याचं ऐका, कारण माझ्या मते खरा मुद्दा तिथे आहे. त्याला माझ्याआधी इलेक्ट्रिक घ्यायची होती. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पार्किंग खाली, स्वतःच्या नावावर. सोसायटीत अर्ज दिला की माझ्या मीटरवरून माझ्या खर्चाने केबल आणतो आणि माझ्या जागेवर सॉकेट लावतो. तीन मीटिंगा झाल्या. एकाला आगीची भीती, एकाला भिंतीवरची केबल दिसायला वाईट, एकजण म्हणाले आज हा गाडी लावतोय उद्या कॉमन मीटरला लावेल. सेक्रेटरी शेवटी म्हणाले, "फाल्यां सगळ्यांनी मागलें जाल्यार?" खरं तर प्रश्न बरोबर होता, उद्या सगळ्यांनी मागितलं तर ट्रान्सफॉर्मरला झेपेल का हे आजच बघायला हवं, पण त्यांनी तो नाही म्हणायला वापरला. वर्षभर थांबून मेव्हण्याने हायब्रीड घेतली. आता तुमचे ते पत्रलेखक त्याला पेट्रोल कंपन्यांचा हस्तक म्हणणार का?

आणि गाडी चांगली आहे हो. जुन्या मार्केटकडच्या ट्रॅफिकमध्ये ती बराच वेळ इंजिन बंद ठेवून बॅटरीवरच सरकते, ब्रेक मारला की बॅटरी भरते, इंजिन मधेच कधी चालू झालं ते कळत पण नाही. ती बॅटरी केवढीशी, पाऊण युनिटची, माझ्या एका बॅटरीच्या मालात तशा चाळीस होतील. कंपनी २७.९७ चं मायलेज सांगते, त्याला बावीस मिळतं, हायवेला सलग पळवली तर त्याहून थोडं कमी, कारण हायब्रीडची कमाई थांबत थांबत जाण्यात असते. लोक अजून त्याला विचारतात चार्ज कुठे करतोस, त्याला सांगून सांगून कंटाळा आला की हिला प्लगच नाही. याच्या उलट आमच्या ऑफिसातला एकजण मागे स्मार्ट हायब्रीडचा बिल्ला बघून गाडी घेऊन आला आणि ती बॅटरीवर कधी चालणार याची वाट बघत बसला. ती माइल्ड हायब्रीड, सिग्नलला इंजिन बंद-चालू करणं आणि जोर लावताना हलका हात देणं एवढंच, एकट्या बॅटरीवर ती गेटपर्यंत पण जाणार नाही. घेताना 'स्ट्राँग', म्हणजे मेव्हण्याच्या गाडीसारखी थोडं अंतर नुसत्या बॅटरीवर जाणारी, आहे का ते विचारा, बिल्ल्यावर जाऊ नका.

धुराचं म्हणाल तर तिथेही दोन्ही बाजूंनी आवाज फार चढलाय. गोव्याची वीज बाहेरून येते आणि त्यातली बरीचशी कोळशाची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने देशात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे माझी गाडी किलोमीटरला शंभर ग्रॅम, गळती धरून एकशे दहा-पंधरा. लिटरभर पेट्रोल जळलं की २.३ किलो, म्हणजे मेव्हण्याची एकशे पाच ग्रॅम, रिफायनरी आणि टँकरचं वेगळं. सारखंच झालं की! माझी जुनी पेट्रोल गाडी एकशे पासष्ट टाकायची. फरक एवढाच की उद्या वीज स्वच्छ झाली तर माझी त्याच दिवशी स्वच्छ होईल, त्याची आहे तशीच राहील. मी छपरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवायचा विचार करतोय, पीएम सूर्यघरची ७८ हजारांची सबसिडी आहे, फक्त आपले चार महिने ढगांचे त्याचं काय ते बघायचंय. आणि २०२० मध्ये तम्नारची विजेची लाईन मोलेच्या जंगलातून नको म्हणून आपलीच पोरं रस्त्यावर उतरली होती, माझी पुतणी त्यात होती. ती मला परवा म्हणाली काका, तुझी गाडी वाढली की लाईन पण वाढणार. मला उत्तर सुचलं नाही. तिच्याकडे पेट्रोलची स्कूटर आहे एवढंच तेव्हा म्हणालो, ते काही उत्तर नव्हे.

करांचा घोळ तर विचारू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवीन जीएसटी आला, इलेक्ट्रिकला पाच टक्के तसेच राहिले, चार मीटरच्या आतल्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला अठरा, आणि मोठ्या गाडीला चाळीस, मग ती हायब्रीड असो नाही तर साधी पेट्रोल. म्हणजे लिटरला बावीस देणारी आणि लिटरला बारा देणारी, लांबी सारखी म्हणून कर सारखा! गाडी किती लांब आहे यावर कर, किती पिते यावर नाही. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीडचा रजिस्ट्रेशन टॅक्स माफ केला तेव्हा इलेक्ट्रिक बनवणाऱ्या कंपन्यांनी नाक मुरडलं, त्यांचं दुखणं समजतं, पण ज्याला प्लगच मिळत नाही तो हायब्रीडची सवलत काढली म्हणून इलेक्ट्रिककडे वळत नाही, तो सरळ पेट्रोल घेतो. नेपाळचं उदाहरण सगळे देतात, तिथे येणाऱ्या नव्या मोटारींत निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक, खरं आहे, पण तिथे नद्यांची वीज आहे आणि पेट्रोलच्या गाडीवर भयंकर कर.

आपल्याकडे जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं होतं की जानेवारी २०२४ पासून नव्या टुरिस्ट गाड्या, रेंट-अ-कॅब, भाड्याच्या दुचाक्या सगळ्या इलेक्ट्रिकच येतील. कळंगुटला जाऊन जरा उभे राहा आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या हिरव्या नंबरपाट्या मोजा. पर्यटक हॉटेलात उतरतो, हॉटेलच्या पार्किंगमध्ये प्लग नाही, मग रेंटवाला कशाला घेईल? कदंबने इलेक्ट्रिक बस आणल्या त्या चालतात, कारण डेपोत त्यांचे चार्जर आहेत. हे कळायला काही तज्ज्ञ नको.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) गोव्यातल्या शंभरातल्या पंचेचाळीस घरांत मोटारगाडी निघाली, देशात सगळ्यात जास्त. ज्यांना पोर्च आहे त्यांनी इलेक्ट्रिक घ्यावी, अर्थिंग आधी तपासून. फ्लॅटवाल्यांनी खुशाल हायब्रीड घ्यावी, परवडत असेल तर. आणि सरकारला नियम करायचाच असेल तर हा करा, की स्वतःच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून, वीज खात्याने तपासलेलं सॉकेट लावायला सोसायटीला नाही म्हणता येणार नाही. नवीन बिल्डिंगला तर पार्किंगपर्यंत केबल असल्याशिवाय ऑक्युपन्सीच, म्हणजे राहायला जायचा दाखलाच, देऊ नका.

तुमच्याकडे एक विनंती. वार्ताहराला मडगाव, पर्वरी, वास्कोच्या दहा-दहा सोसायट्यांत पाठवा आणि किती जणांनी प्लग मागितला, किती जणांना मिळाला एवढं विचारून छापा. मेव्हण्याच्या सोसायटीचा आकडा मी आत्ताच देतो, चौघांनी मागितला, मिळाला शून्य जणांना. पाचवा अर्ज सेक्रेटरींच्याच मुलाचा आलाय असं ऐकतो, पुढची मीटिंग या रविवारी आहे.

आपला,
एक वाचक, कवळे-फोंडा