घरात गॅस, पण आंघोळीचे पाणी चुलीवर

संपादक महोदय,

ठाणे-नवी मुंबईतल्या वस्त्यांत गॅस पोचला, हे कागदावर खरे आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. ऑगस्ट २०२१ मधल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालू लागले. २०२४ मध्ये राज्याने अन्नपूर्णा योजनेतून वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. तरीही तुर्भे स्टोअर, दिघा, कळव्याच्या डोंगरउतारावरची घरे किंवा येऊरचे पाडे, कुठेही सकाळी फिरा, दाराबाहेर चूल पेटलेली दिसते. तिच्यावर बहुधा भाकरी नसते, आंघोळीच्या पाण्याचा टोप असतो. गॅसच्या प्रचारात या टोपाचा विचार कुणी केलेलाच नाही.

हिशोब करून बघा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे २२५ किलोकॅलरी लागतात. एक किलो गॅसमधून साधारण ११,००० किलोकॅलरी उष्णता निघते, पण उघड्या टोपाखाली त्यातली निम्मीच पाण्याला लागते. म्हणजे बादलीमागे ४० ग्रॅम गॅस. पाच माणसांच्या घरात महिन्याला सहा किलो, १४.२ किलोच्या सिलिंडरचा ४० टक्क्यांहून जास्त भाग. स्वयंपाकाला महिनाभर पुरणारा सिलिंडर मग वीस-एकवीस दिवसांतच संपतो. त्यामुळे बाई गॅस स्वयंपाकाला राखते आणि पाणी चुलीवर ठेवते. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा तिच्याशेजारी बसून करावा.

चुलीत काय जळते, हेही पाहायला हवे. वाशीच्या फळबाजारातल्या खोक्यांच्या फळ्या, रबाळे-महापे पट्ट्यातल्या कारखान्यांची मोडकी पॅलेट, प्लायवूडचे तुकडे, आणि पेटवायला तेलाची किंवा दुधाची पिशवी. प्लायवूडच्या गोंदातून आणि रंगातून निघणारा धूर नुसत्या लाकडाच्या धुरापेक्षा घातक असतो. पॅलेटवर ‘एमबी’ असा इंग्रजी शिक्का असेल, तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीटकनाशक वायूची धुरी दिलेली असते. ते चुलीत घालूच नये. चूल दाराबाहेर असली तरी तीन-चार फुटांच्या बोळात धूर समोरच्याच्या घरात शिरतो. मुलांचा न्यूमोनिया आणि बायकांचा दम्यासारखा जुनाट श्वसनविकार यांचा या धुराशी संबंध आहे, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे.

पाण्यापुरता खर्च कमी करता येतो. टोपावर घट्ट झाकण ठेवा, टोप सपाट बुडाचा घ्या, ज्वाळा बुडाच्या बाहेर जाऊ देऊ नका. एवढ्याने महिन्याला साधारण किलोभर गॅस वाचतो. नोव्हेंबर ते मे ऊन भरपूर असते. सकाळी नळ आला की २० लिटरचा काळा कॅन भरून, झाकण घट्ट लावून पत्र्यावर आडवा ठेवा. पाण्याचा थर उथळ राहतो, म्हणून ते लवकर तापते आणि कामावरून परतणाऱ्याला संध्याकाळी कोमट पाणी मिळते. मात्र कॅन खाण्याच्या तेलाचा हवा. एमआयडीसीतून येणारे रसायनांचे कॅन कितीही धुतले तरी वापरू नयेत. बादलीत सोडायचा विजेचा रॉड आम्ही सुचवत नाही. जिथे शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढलेली असते आणि अर्थिंग नसते, तिथे तो जिवावर बेततो.

दुसरी अडचण रोख पैशांची. उज्ज्वलाचे अनुदान असो वा अन्नपूर्णाचे पैसे, आधी पूर्ण किंमत भरायची आणि मग रक्कम खात्यात येणार. रोजंदारीवरच्या घरात आठ-नऊशे रुपये एकदम नसतात, म्हणून बाई कोपऱ्यावरून ‘सुट्टा गॅस’ भरून आणते. मोठा सिलिंडर उलटा करून रबरी नळीने छोट्यात गॅस ओतला जातो. वजन होत नाही, छोटा सिलिंडर काठोकाठ भरतो. द्रव फुगायला जागाच उरत नाही, आणि तापलेल्या पत्र्याखाली तो फुटू शकतो. यावर उपाय योजनेतच आहे. उज्ज्वला ग्राहकाला १४.२ किलोऐवजी ५ किलोचा घरगुती सिलिंडर घेता येतो आणि त्यावर वजनाच्या प्रमाणात अनुदानही मिळते. हे वितरक सहसा सांगत नाहीत. नुसत्या ओळखपत्रावर खुल्या विक्रीत मिळणारा ५ किलोचा सिलिंडर वेगळा: त्याला अनुदान नाही आणि जीएसटी ५ ऐवजी १८ टक्के. दुकानात दोन्हींची गल्लत होते, ग्राहकाने नीट विचारून घ्यावे.

‘अनुदान आलेच नाही’ या तक्रारीत बऱ्याचदा पैसे दुसऱ्याच खात्यात पडलेले असतात. आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात रक्कम जाते, आणि मधल्या काळात दुसऱ्या योजनेसाठी नवे खाते उघडलेले असते. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहिली की उलगडा होतो.

पोटमाळ्यावर स्वयंपाक करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती वर झाली तरी तो जिन्यावरून खाली, झोपलेल्या माणसांपर्यंत उतरतो. सिलिंडर उभाच ठेवावा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचीवर असावी. साध्या रबरी नळीऐवजी तारेची जाळी असलेली, आयएसआय चिन्हाची दीड मीटरपर्यंतची नळी लावून ती पाच वर्षांनी बदलावी. जोड साबणाच्या पाण्याने तपासावा, काडी पेटवून कधीही नाही. गळतीची तक्रार १९०६ वर करता येते.

तेल कंपन्यांकडे आमची मागणी आहे की वितरकाचे काम नव्या जोडण्यांवर न मोजता दर कुटुंबामागे वर्षात किती सिलिंडर भरून गेले यावर मोजावे आणि तो आकडा वितरकाच्या दारावर लावावा. पोचवणुकीचा खर्च किमतीतच धरलेला असताना डोंगरावरच्या घरांना ‘खाली येऊन घेऊन जा’ असे सांगणे बंद व्हावे. ग्राहकाने गोदामातून स्वतः सिलिंडर नेला, तर तेवढी रक्कम बिलातून वजा झालीच पाहिजे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी ५ किलोचे घरगुती सिलिंडर बचत गटांमार्फत वस्तीतच मिळतील, यासाठी या कंपन्यांशी येत्या पावसाळ्याआधी बोलणी करावीत.

– स्वच्छ इंधनासाठी काम करणारे कार्यकर्ते, तुर्भे, नवी मुंबई