पुनरुद्भवाचा धोका रुग्णाला आकड्यांत सांगावा

माननीय संपादक,
स. न.

स्तनाच्या कर्करोगात संपूर्ण स्तन न काढता केवळ गाठ काढून नंतर किरणोपचार दिले तरी रुग्णाच्या आयुर्मानात फरक पडत नाही, हे शल्यविशारद बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या चाचणीच्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनी २००२ मध्ये पक्के केले. त्याच स्तनात रोग परतण्याचे, म्हणजे पुनरुद्भवाचे, प्रमाण मात्र त्या चाचणीत किरणोपचारांसह १४.३ टक्के, तर त्यांच्याविना ३९.२ टक्के होते. आज हे प्रमाण बरेच घटले आहे. तरीही ‘माझ्या बाबतीत किती?’ या प्रश्नाला ‘धोका कमी आहे’ एवढेच उत्तर देणे मला अन्यायाचे वाटते.

हा धोका सर्वांना सारखा नसतो. रुग्णाचे वय, काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोहोचल्या आहेत का, गाठीची ग्रेड (सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी किती आक्रमक दिसतात), सूक्ष्म रक्तवाहिन्यांत व लसीकावाहिन्यांत झालेला शिरकाव, हार्मोन रिसेप्टर (गाठीच्या पेशींत हार्मोनला प्रतिसाद देणारे घटक आहेत का), पुढे दिलेली औषधे या सगळ्यांवर तो ठरतो. वयाचाच परिणाम पाहा. गाठीच्या जागी किरणांचा वाढीव डोस देऊन पाहणाऱ्या युरोपीय चाचणीत चाळिशीपर्यंतच्या स्त्रियांमध्ये वीस वर्षांतील पुनरुद्भव ३६ टक्क्यांवरून २४.४ टक्क्यांवर आला. साठीपुढच्या स्त्रियांमध्ये तो १२.७ वरून ९.७ टक्क्यांवर आला. उलट, ६५ वर्षांपुढील, कमी धोक्याची गाठ असलेल्या आणि हार्मोनविरोधी गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या एका चाचणीत दहा वर्षांतील पुनरुद्भव किरणोपचार न घेतल्यास ९.५ टक्के आणि घेतल्यास ०.९ टक्के, असा फरक दिसला, पण आयुर्मान दोन्ही गटांत सारखेच राहिले. अशा वेळी किरणोपचार घ्यावेत की नाही, हे ठरवण्यात त्या स्त्रीचे मत निर्णायक असायला हवे, आणि आकडे कळल्याशिवाय तिला मत कसे बनवता येईल?

त्याच स्तनातील पुनरुद्भव म्हणजे रोग शरीरभर पसरणे नव्हे, हेही तिला स्पष्ट सांगायला हवे. या एका गैरसमजापायी किती भीती उगाच सोसली जाते!

अंदाज वर्तवणारी गणिती साधने उपलब्ध आहेत, परंतु त्यांचे उत्तर पूर्वीच्या रुग्णांच्या अनुभवावर बेतलेले असते आणि काढलेल्या गाठीच्या तपासणीच्या (पॅथॉलॉजी) अहवालात कडांची वा ग्रेडची नोंद अपुरी असेल तर ते भरवशाचे राहत नाही. म्हणून हा अहवाल परिपूर्ण असावा, आणि डॉक्टरांनी उपचार घेतल्यास व न घेतल्यास दहा वर्षांत धोका किती, हे दोन्ही आकडे रुग्णाला लेखी द्यावेत, अशी माझी विनंती आहे. आपल्या वृत्तपत्रानेही नव्या उपचारांच्या बातम्यांत ‘धोका निम्म्यावर’ असे न लिहिता शंभरांपैकी कितींवरून किती, हे छापावे.

आपली,
एक वाचक