शाळा तगली ती तुकडीच्या हिशेबावर

महोदय,

कमी पटाच्या शाळांचा विषय निघाला, की ‘एका मुलीसाठी रेल्वे स्थानक चालू ठेवणारा जपान’ हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर हमखास फिरू लागतो. होक्काइदोतले ते स्थानक मार्च २०१६ मध्ये बंद झाले आणि २००२ ते २०२० या काळात त्याच देशात ८,५८० सरकारी शाळांना टाळे लागले, हे त्यात कुठेच नसते.

जपानचा दाखला द्यायचाच तर शिमाने प्रांतातल्या आमा या गावचा द्यावा. ओकी बेटांपैकी एकावरचे हे गाव, वस्ती जेमतेम २,३००, मुख्य भूमीवरून बोटीने सुमारे तीन तास. इथले ओकी-दोझेन हायस्कूल १९५५ साली शेजारच्या मोठ्या बेटावरील ओकी हायस्कूलची शाखा म्हणून निघाले आणि १९६५ मध्ये स्वतंत्र झाले. आमा, निशिनोशिमा आणि चिबु या तीन बेटांवरच्या तीन गावांना मिळून हायस्कूल हे एवढेच. २००८ साली त्याचा एकूण पट ८९ वर आला.

खरी मेख तुकडीत आहे. तिथे हायस्कूल म्हणजे पंधराव्या वर्षापासूनची तीन वर्षे; त्याची तुकडी ४० मुलांची असते आणि शिक्षकांची पदे प्रवेशक्षमतेवर ठरतात. इयत्तेला एकच तुकडी उरली, की पदे कापली जातात. मग भौतिकशास्त्राला स्वतंत्र शिक्षक मिळणे अवघड. विज्ञानाकडे जाणारे मूल पंधराव्या वर्षीच बेट सोडते, राहण्याजेवणाचा खर्च घरावर पडतो, कधी पाठोपाठ सगळे बिऱ्हाडच हलते. पट आणखी घसरतो.

हायस्कूल प्रांताचे, शिक्षकांचा पगारही प्रांताचाच. गावाचा त्यावर हुकूम चालत नाही. तरी तिन्ही गावांनी पदरमोड केली. (आमाची तिजोरी मुळात रिकामी, नगराध्यक्ष यामाउची मिचिओ यांनी २००५ मध्येच स्वतःचा पगार निम्मा केला होता.) २०१० मध्ये शाळेबाहेर सार्वजनिक खर्चाने शिकवणी केंद्र उघडले, म्हणजे अभ्यासापायी बेट सोडण्याचे कारण उरू नये. त्याच सुमारास ‘शिमा-र्‍युगाकु’, म्हणजे बाहेरगावच्या मुलांना वसतिगृहात ठेवून इथे शिकवणे, सुरू झाले. २०१२ मध्ये पहिल्या वर्षाची दुसरी तुकडी परत मिळाली; पुढे पट १८० च्या घरात गेला.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना फक्त बाहेरून आलेली मुलेच सांगितली जातात. ती तीन वर्षांनी निघून जातात, दरवर्षी नवी आणावी लागतात, आणि वसतिगृहातल्या खाटांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. शिवाय पंधरा वर्षांचे पोर घरापासून लांब राहणार, म्हणून प्रत्येकाला गावातले एक कुटुंब ‘शिमा-ओया’, बेटावरचे आईबाप, म्हणून जोडून दिले जाते. तेवढी घरे तयार नसतील, तर नुसते वसतिगृह बांधून भागत नाही.

— एक वाचक, पुणे