मतांगिकार पाठ होतो, शिकवला जात नाही

महोदय,

ख्रिस्ती विश्वास थोडक्या शब्दांत सांगणारा मतांगिकार बिशपांनी जिथे ठरवला, त्या इ.स. ३२५ च्या नायसिया परिषदेला १७०० वर्षे झाली म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप चौदावे लिओ आणि ऑर्थोडॉक्स चर्चचे कुलपती (पॅट्रिआर्क) बार्थोलोम्यू यांनी तुर्कस्तानातील इझनिक येथे, म्हणजे जुन्या नायसियात, एकत्र प्रार्थना केली. आपल्या मंडळ्यांतही त्याचे कौतुक झाले. पण दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, तयारीच्या वर्गातल्या मुलांच्या पदरात त्यातले काय पडले?

मी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, शिकवते. ‘प्रेषितांचा मतांगिकार’ हा अशाच विश्वासकथनाचा दुसरा पाठ मुले एका दमात म्हणतात. अर्थ विचारला की गप्प. काही ठिकाणी तर ‘मुलांना जड जातो’ म्हणून तो वर्गातून काढूनच टाकला आहे. हे मला अजिबात पटत नाही. मतांगिकार मुळात शिकवण्यासाठीच होते. यरुशलेमचे बिशप सिरिल ३५० च्या सुमारास बाप्तिस्म्याच्या उमेदवारांना मतांगिकार तोंडी देत. कागदावर उतरवू नका, अंतःकरणात ठेवा, असे बजावत आणि मग त्यातली एकेक गोष्ट व्याख्यानांतून उलगडून सांगत. आपण घोकंपट्टी ठेवली, उलगडून सांगणे सोडून दिले.

“बाई, पिलात तर वाईट होता ना? मग मतांगिकारात त्याचं नाव कशाला?” असे येशूला वधस्तंभाची शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदाराबद्दल एका मुलीने मला विचारले होते. किती नेमका प्रश्न! मतांगिकारावर भाष्य लिहिणाऱ्या रुफिनस यांनी पाचव्या शतकाच्या आरंभीच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे: घडलेली गोष्ट अधांतरी राहू नये म्हणून पंतय पिलाताच्या नावाने काळ सांगितला. १९६१ मध्ये इस्राएलमधील कैसरियाच्या उत्खननात पिलाताचे नाव कोरलेली शिळा सापडली. तिचे छायाचित्र दाखवले तेव्हा मुले तास संपला तरी उठेनात.

बायबल असताना मतांगिकार हवाच कशाला, असे काही बंधुभगिनी विचारतात. त्यांनी आठवावे की पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, हा निर्माण केलेला आहे असे सांगणारा आणि नायसियात ज्याचे मत नाकारले गेले तो आरियसही शास्त्रवचनांचाच आधार घेत होता. वचने दोन्ही बाजूंकडे होती. ती कशी वाचायची, यावरच वाद होता. आज मोबाइलवर कुणाचेही प्रवचन ऐकणाऱ्या मुलांपुढे तोच पेच आहे.

आपल्या पाळकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रेषितांच्या मतांगिकाराचे परंपरेने बारा भाग मानतात. दृढीकरणाआधी बारा आठवडे दर रविवारी एकेक भाग घ्या, मुलांना प्रश्न विचारू द्या, आणि त्या वर्गाला आईवडिलांनाही बसवा.

शब्बाथशाळेतील एक शिक्षिका,
अहिल्यानगर